एकतीस सूचना, आणि दादा बसमध्ये

श्रीलंकेहून परत येऊन तीन आठवडे झाले आणि माझा राग अजून उतरलेला नाही. घरचे म्हणतात, झालं गेलं सोडून दे, चार चांगले फोटो टाक, नारळाच्या झाडांबद्दल लिही. लिहीन. नारळाची झाडं खरंच सुंदर आहेत. पण तुमच्यापैकी कुणी घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला घेऊन पहिल्यांदाच देशाबाहेर निघणार असेल, तर त्याला नारळाच्या आधी काही गोष्टी माहीत असायला हव्यात. त्या मला शांतपणे सांगता येणार नाहीत, तेवढं समजून घ्या.

मी ब्रह्मपुरीला शाळेत विज्ञान शिकवते. माझा मोठा भाऊ, ज्याला सगळं घर दादाच म्हणतं, माजरीच्या कोळसा खाणीत तेहेतीस वर्षं डंपर चालवून गेल्या वर्षी निवृत्त झाला आणि ब्रह्मपुरीला राहायला आला. निवृत्तीच्या जेवणात जो तो त्याला विचारत होता, आता काय करणार. कुणी म्हणालं गाडी घ्या, कुणी म्हणालं घरावर मजला चढवा. दादा भाताचा घास हातात धरून म्हणाला, "मले ते झाड पाहाचं आहे."

ते झाड म्हणजे अनुराधपूरचा बोधिवृक्ष. बुद्धगयेच्या झाडाची फांदी दोन हजार वर्षांपेक्षाही आधी समुद्रापार नेऊन तिथे लावली, आणि ती जगली, अजून उभी आहे. आमच्या वडिलांनी ही गोष्ट दादाला लहानपणी सांगितली होती. खाणीत झाड दिसत नाही, त्यामुळे असेल, पण ती फांदी जगली याचं दादाला फार अप्रूप होतं.

दादाच्या उजव्या हातावर, मनगटाच्या वर चार बोटं, बुद्धाचा चेहरा गोंदलेला आहे. विशीत असताना दीक्षाभूमीच्या गर्दीत, रस्त्याकडेला मशीन घेऊन बसलेल्या माणसाकडून त्याने तो गोंदवून घेतला. आता त्याचा रंग हिरवट झालाय, एक कान पुसट झालाय. डंपर सुरू करण्याआधी दादा त्या चेहऱ्याकडे एकदा बघायचा आणि मग चावी फिरवायचा. आमच्या समाजात अशी गोंदणं शेकड्यांनी आहेत. ती मिरवण्यासाठी नसतात, आपण कोण आहोत हे सांगण्यासाठी असतात. हे आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरूनच झालं.

मी नागपूरच्या एका टूरवाल्याकडे नाव नोंदवलं. त्याचं नाव लिहीत नाही. सगळे त्याला सर म्हणायचे, मीही सरच म्हणते. सहा दिवस, विमान, हॉटेल, जेवण धरून माणशी सदुसष्ट हजार. आमच्या ग्रुपमध्ये बावीस जण, बहुतेक चंद्रपूर-गडचिरोलीकडचे, जवळपास सगळे आमच्यासारखेच बौद्ध कुटुंबांतले, आणि निम्म्याहून जास्त जण पहिल्यांदा विमानात बसणारे.

निघण्याआधी नागपूरला एक बैठक झाली. तिथे सरांनी प्रत्येकाच्या हातात सुरक्षेच्या सूचनांचा कागद दिला. एकतीस सूचना! अनोळखी माणसाशी बोलू नये. बाहेरचं पाणी पिऊ नये, बाहेरचं खाऊ नये. हॉटेलमधून एकटं बाहेर पडू नये, दुकटंही पडू नये. रिक्षात बसू नये. कुणी हसून बोललं तर सावध राहावं. हलके अर्ध्या बाह्यांचे सुती कपडे घ्यावेत. ग्रुपचा टी-शर्ट सुरक्षेसाठी सक्तीचा आहे. आणि पासपोर्ट सुरक्षेसाठी सरांकडे जमा करावेत.

ती शेवटची सूचना मी दोनदा वाचली. शाळेत सहलीला मुलींना मी स्वतः सांगते, आपलं ओळखपत्र आपल्याजवळ ठेवायचं. तरी मी माझा आणि दादाचा पासपोर्ट मुकाट्याने दिला. सगळेच देत होते ना. ही माझी पहिली चूक. तुम्ही करू नका. विमानतळावर, हॉटेलच्या नोंदणीपुरता द्या आणि लगेच परत मागा. तिकडे बऱ्याच ठिकाणी आपल्याकडच्या देशांतल्या लोकांना तिकिटात सवलत आहे, ती पासपोर्ट दाखवल्यावरच मिळते, म्हणजे तो तुमच्याच खिशात हवा. व्हिसाची परवानगी घरबसल्या ऑनलाइन काढता येते. त्याचे नियम आणि फी बदलत राहतात, म्हणून टूरवाल्याच्या तोंडच्या माहितीवर न राहता सरकारी पानावर स्वतः बघा.

बैठकीहून परतताना माझ्या पुण्याच्या मैत्रिणीचा फोन आला. "श्रीलंका? सेफ आहे का गं?" हीच बाई दहा वर्षं ब्रह्मपुरीला यायचं टाळते आहे, कारण गडचिरोली जवळ आहे म्हणे. आमच्याकडे धानाच्या बांधावर वाघाचे पंजे उमटतात आणि आम्ही ते ओलांडून कामाला जातो. भीतीने घराबाहेरच पडायचं नाही असं ठरवलं असतं, तर आमच्या तालुक्यात धान पिकलंच नसतं. जपायचं कसं ते आम्हाला कळतं. कशापासून जपायचं तेवढं कुणीतरी नीट सांगावं लागतं.

धान निघाल्यावर, जानेवारीत निघालो. ब्रह्मपुरीहून पहाटेची एसटी, नागपूर, तिथून विमानाने चेन्नई आणि चेन्नईहून रात्रीच्या विमानाने कोलंबो. अंगात सगळ्यांच्या सक्तीचा टी-शर्ट. रंग केशरी, छातीवर सरांच्या कंपनीचं नाव, आणि पाठीवर, वितभर मोठा, बुद्धाचा चेहरा. दादाला तो फार आवडला होता. वडशाच्या मेश्राम बाई, निवृत्त नर्स, माझ्या शेजारच्या सीटवर होत्या. त्या म्हणाल्या, "टी-शर्ट तं मस्त आहे वं, पण टेकून बसलं का भगवंत दबून राह्यले." आम्ही हसलो. बाईंनी गमतीत जे म्हटलं तेच खरं निघणार होतं.

सकाळी कोलंबोच्या विमानतळाबाहेर आमची बस घेऊन सुनील उभा होता. हे नाव तिकडेही सर्रास असतं. पन्नाशीचा, बुटका, पांढरे कल्ले, दुबईत नऊ वर्षं काम केल्यामुळे मोडकंतोडकं हिंदी येणारा. बावीस केशरी टी-शर्ट रांगेत बाहेर आले आणि त्याच्या चेहऱ्यावरचं स्वागताचं हसू मावळलं. तो धावतच आला.

"सर, ये टी-शर्ट नहीं. निकालो, निकालो. बुद्ध का फोटो कपडे पे नहीं पहनता इधर. पुलिस आएगा, बहुत प्रॉब्लम."

सर म्हणाले, "हम खुद बुद्धिस्ट हैं भाई."

"आप बुद्धिस्ट, मैं बुद्धिस्ट, सब ठीक. कानून एक ही है ना सबको."

तर ऐका. श्रीलंकेत बुद्धाचं चित्र असलेले कपडे घालणं, अंगावर बुद्ध गोंदवणं, मूर्तीकडे पाठ करून फोटो काढणं, याला तिथले लोक अपमान मानतात. त्यावरून पर्यटकाला अडवतात, परत पाठवतात. माहिती काढायला बसलं तर दोन मिनिटांत सापडते. आमच्याकडून पैसे घेऊन, एकतीस सूचना छापून, सक्तीने तोच टी-शर्ट अंगावर चढवणाऱ्या माणसाला ती माहीत नव्हती. बावीस माणसांना त्याने स्वतःच्या हाताने धोक्यात घालून आणलं होतं आणि वर कागदावर लिहिलं होतं, हसून बोलणाऱ्यापासून सावध राहा.

बायका बाथरूममध्ये, पुरुष बसमागे, सगळ्यांनी टी-शर्ट उलटे करून घातले. शिवण बाहेर, लेबल मानेवर. तेव्हा सुनीलची नजर दादाच्या हाताकडे गेली. तो मोठ्याने काही बोलला नाही. जवळ येऊन त्याने दादाच्या गोंदणावर आपला रुमाल अलगद ठेवला. "भाईसाब, मंदिर में फुल शर्ट. एअरपोर्ट में भी. ये दिखाना नहीं."

दादाने विचारलं, "काऊन? मी का वाईट केलं?"

मी त्याला समजावलं. तो रुमाल हातावर नीट करत म्हणाला, "त्यायचंही बरोबर आहे. हात का, कुठीबी लागते. फुल शर्ट घालू, त्याच्यात का आहे." विषय त्याच्यापुरता संपला. माझ्यापुरताही तिथेच संपला असता. एका शर्टाचा तर प्रश्न होता.

कोलंबोहून अनुराधपूर पाच तासांचा रस्ता. रस्ते चांगले, हॉर्न कमी. दोन्ही बाजूंनी धानाची शेतं आणि मधे मधे मोठमोठे तलाव. दादा खिडकीला नाक लावून बसला होता. "शोभा, हे तं आपल्या झाडीपट्टीसारखंच आहे वं. तलाव बी तसेच, बांध बी तसेच." पुढे एके ठिकाणी हत्तींची पाटी आली. मेश्राम बाई म्हणाल्या, "हे बी आले आता आमच्याकडं. घरच्यासारखं वाटून राह्यलं." वाटेत सुनीलने बस थांबवून आम्हाला केशरी रंगाच्या शहाळ्याचं पाणी पाजलं, एकाचे तिथले दीडशे रुपये. सर बसमधून ओरडत होते, बाहेरचं पिऊ नका. आम्ही प्यायलो, कुणालाही काही झालं नाही. जेवणात लाल तांदळाचा भात, डाळ, फणसाची भाजी आणि ओल्या नारळाची झणझणीत चटणी. भातखाऊ मुलखातल्या माणसाची तिथे उपासमार होणं शक्य नाही.

संध्याकाळी अनुराधपूरच्या हॉटेलात पोचलो. उजेड होता, दुकानं उघडी होती, हॉटेलसमोरच कपड्यांचं दुकान दिसत होतं. मी सरांना म्हटलं, दादासाठी पांढरा शर्ट घेऊन येते. सर म्हणाले, "मॅडम, सूचना नंबर नऊ. हॉटेलबाहेर कुणी जायचं नाही. शर्टाचं मी बघतो." मी म्हटलं, समोरच तर आहे. ते म्हणाले, "तुम्हाला काही झालं तर उत्तर कोण देणार?" आणि मी परत फिरले. रस्ता ओलांडायला शंभर पावलं नव्हती. ती मी चालले नाही, ही माझी दुसरी चूक.

सकाळी आम्ही बायका पांढऱ्या साड्या नेसून खाली आलो. आपल्याकडे वंदनेला नेसतो तशाच. हॉटेलची बाई बघून एवढी खूश झाली, कारण तिकडेही देवस्थानाला पांढरंच घालून जातात. दादा आंघोळ करून, केस नीट विंचरून, अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट घालून उभा होता. सरांना मी विचारलं, शर्ट?

"अरे हो. राहिलंच बघा," सर म्हणाले.

मी म्हटलं, ठीक आहे, माझी ओढणी आहे, हाताला गुंडाळते. सर नाही म्हणाले. गुंडाळलेला हात संशयास्पद दिसतो, तपासणीत सोडायला लावला तर सगळा ग्रुप अडकेल. मी म्हटलं, दहा मिनिटं थांबा, समोरून शर्ट आणते. सर म्हणाले, दुकान नऊला उघडतं आणि आपली वेळ साडेसातची आहे. मग ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हे बघा, एकासाठी एकवीस जणांची सुरक्षा धोक्यात घालता येणार नाही. भाऊ बसमध्ये बसतील. आपण लवकर येऊ."

सगळे बसमध्ये चढून आपापल्या सीटवर बसले. एकवीस माणसं. या एकवीस जणांपैकी प्रत्येकाच्या घरात असा आजोबा होऊन गेलाय, ज्याला कुठल्या तरी दारापाशी थांबवलं होतं. आमचा आजा गावच्या जत्रेत देवळापासून लांब, चिंचेखाली उभा राहायचा. तिथूनच जे काय दिसेल ते बघायचं आणि घरी यायचं. छप्पन साली त्याने ते सगळं टाकलं आणि पुन्हा त्या चिंचेखाली गेला नाही. आणि त्याचा नातू, स्वतःच्या बुद्धाला भेटायला समुद्र ओलांडून आलेला, त्याला आम्हीच, आमच्याच माणसांनी, बाहेर बसवलं होतं. सुरक्षेसाठी!

दादा म्हणाला, "जाऊ दे वं शोभा. तू पाहून ये, मले सांगजो."

आणि मी उतरले. हो, उतरले. इथे खोटं लिहिणार नाही.

फाटकाशी सरांनी बॅनर उघडला. एका वाटसरूला मोबाइल दिला, स्वतः मधोमध उभे राहिले. "हसा, हसा," म्हणाले. फोटो निघाला. मग चपला ठेवून, तपासणीतून, वाळूच्या अंगणातून आम्ही आत गेलो. झाड उंच चौथऱ्यावर आहे, सोनेरी कठड्याच्या आत, आणि जुनी फांदी सोनेरी टेकूंवर विसावलेली. खालून फार थोडं दिसतं. शेकडो माणसं पांढऱ्या कपड्यांत, आणि आवाज म्हणाल तर फक्त कुजबुज. मी हात जोडले. त्रिशरण सुरू केलं आणि दुसऱ्या ओळीलाच थांबले. भक्तीने वगैरे नाही, संतापाने. मेश्राम बाईंना सांगितलं, मी चालले. वाळूतून अनवाणी पळत सुटले. शिक्षिकेने असं पळू नये, पण पळाले.

बसपाशी आले तर दादा पायरीवर उभा होता आणि सुनील त्याला शर्ट चढवत होता. लांब बाह्यांचा, परीटघडीचा पांढरा शर्ट. मंदिराच्या दिवसासाठी सुनील तो आपल्या सीटमागे हँगरला टांगून ठेवतो. मला बघून तो माझ्यावरच चिडला. "मैडम, मैं पार्किंग लगाके चाय पीने गया, मुझे मालूम नहीं भाईसाब अंदर बैठा है. बोलना था ना! इतना दूर से आया आदमी, बस देखने आया क्या?"

शर्ट दादाला आखूड होता. सुनील बुटका, दादाचे हात डंपरचं स्टिअरिंग फिरवून लांब आणि जाड झालेले. उजवी बाही गोंदणाच्या जेमतेम खाली येत होती आणि बटण लागत नव्हतं. मी साडीची पिन काढून बाहीचं तोंड हाताला घट्ट बसवलं.

"चल," मी म्हटलं.

दादा म्हणाला, "सर येऊ दे. त्यायले इचारून जातो."

त्या क्षणी मला दादाचाही राग आला. साठ वर्षांचा माणूस, शंभर टनांचा डंपर वळवणारा, झाड बघायला परवानगी मागतो! पण मग माझ्या लक्षात आलं की आदल्या संध्याकाळी मीही तेच केलं होतं.

तेवढ्यात सर ग्रुप घेऊन आलेच. घड्याळ बघत म्हणाले, "चला चला, पुढचा स्तूप आहे, मग जेवण." मी म्हटलं, आम्ही दोघं झाडाकडे जाऊन येतो.

"मॅडम, वेळ नाही. आणि पकडले गेलात तर मी जबाबदार नाही."

"तुम्ही कशालाच जबाबदार नव्हता. आमचे पासपोर्ट द्या."

"ते सुरक्षेसाठी माझ्याकडे आहेत."

"माझ्या भावाचा आणि माझा पासपोर्ट आत्ता माझ्या हातात द्या," मी म्हटलं. वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचतो तो आवाज पार्किंगच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचला. दोन शहाळेवाले वळून बघायला लागले.

सरांनी बॅगेची चेन उघडली. तेवढ्यात मेश्राम बाई पुढे झाल्या. "माहा बी द्या मंग." मग चंद्रपूरचं एक जोडपं पुढे आलं, मग आणखी दोघं. पाच मिनिटांत सरांची बॅग रिकामी झाली. मेश्राम बाई बसच्या पायरीवर फतकल मारून बसल्या. "भाऊ येईस्तोर मी इथून उठत नाई. कोणाले चढाचं असंन तं माह्या अंगावरून चढा."

सर सुनीलला म्हणाले, गाडी काढ. सुनीलने शांतपणे बोनेट उघडलं. "इंजिन गरम, सर. एक घंटा."

गाडी दीड तासापासून बंद उभी होती.

तपासणीच्या ठिकाणी पोलिसाने दादाच्या कमरेला, खिशांना हात लावून बघितलं. माझी नजर त्या पिनेवर होती. त्याने बाहीकडे पाहिलं, पिनेकडे पाहिलं, दादाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पुढे जा म्हणून मान हलवली. ऊन चढलं होतं, वाळू पायाला चटके देत होती. तुम्ही गेलात तर पायमोजे न्या. दादा त्या वाळूतून असा चालला की जणू ती थंड आहे.

चौथऱ्यापाशी पोचलो. दादाने वर पाहिलं. मग आपण नेहमी करतो तसे त्याने दोन्ही हात जोडून कपाळापर्यंत नेले. पिन सुटली आणि बाही कोपराकडे घसरली. हिरवट झालेला बुद्ध उघडा पडला, भर गर्दीत, दोन हातांवर पोलीस उभा असताना.

मी त्याचं मनगट पकडलं. पण माझ्या आधी एका म्हातारीने पाहिलं होतं. सत्तरीची, पांढरं लुगडं, हातात कमळांचं ताट. ती दादाच्या हाताकडे बघत राहिली. मग तिने ताट माझ्या हातात दिलं, दादाची बाही खाली ओढली, गोंदण पुरतं झाकेपर्यंत, लहान मुलाची ओढतात तशी. ताटातली दोन कमळं उचलून त्याच्या दोन्ही हातांत दिली आणि त्याचे हात धरून छातीपाशी खाली आणून ठेवले. असे धर, असं. हात वर न्यायचेच नाहीत, म्हणजे बाही घसरणार नाही. एकही शब्द न बोलता तिने सगळं दाखवलं.

दादाने कमळं छातीशी धरून त्रिशरण म्हणायला सुरुवात केली. म्हातारीने मान वर केली. शब्द तिचेच होते. चाल थोडी वेगळी, पण शब्द तेच. तीही म्हणू लागली. दादाचा आवाज माजरीच्या धुळीने कायमचा बसलेला, तिचा बारीक, आणि दोघं पंचशीलाच्या शेवटापर्यंत बरोबर पोचली. शेवटी ती तीनदा साधू म्हणाली, तेही तेच. तेवढ्यात वरून एक पान गिरक्या घेत दादाच्या पायाशी पडलं. कुणीतरी पटकन उचलून नेलं.

परत येताना मी विचारलं, घेतलं काऊन नाई? तो म्हणाला, "दोन्ही हात गुतले होते ना वं."

पुढचे चार दिवस छान गेले, म्हणजे जायला हवे तसे गेले. त्या दुपारी मी एकटीने रस्ता ओलांडला आणि दादासाठी दोन फुल शर्ट आणले. दुकानदार हसून बोलला, मीही हसून बोलले. दांबुल्लाच्या लेण्यांमध्ये, कँडीच्या दंतधातूच्या मंदिरात दादा ताठ मानेने फिरला. सुनीलने कुठे कुठे मूर्तीकडे पाठ करायची नाही ते दाखवलं. सूचना नंबर एक ते एकतीस यांच्यापैकी एकीचाही उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो ज्यांच्यापासून सावध राहायला सांगितलं होतं त्या लोकांचा. निघताना दादाने सुनीलचा शर्ट धुऊन, इस्त्री करून परत दिला. सुनीलने तो पुन्हा सीटमागे टांगला.

म्हणून जाणाऱ्यांना सांगते. ज्या देशात जाताय तिथे कशाला अपमान म्हणतात ते आधी वाचा. त्यांचा नियम आहे तर पाळा, त्यात कमीपणा नाही. दादाला एका मिनिटात ते पटलं होतं. पण टूरवाल्याला प्रश्न विचारा, आणि उत्तर आलं नाही तर पैसे देऊ नका. आपल्यातल्या एकाला बाहेर ठेवून जी सुरक्षा मिळते ती घेऊ नका. घेऊच नका. मी घेतली, तासभर का होईना.

परवा सरांचं पार्सल आलं. प्रत्येकाला भेट म्हणून फाटकासमोरचा तो फोटो, मोठा करून, चौकटीत बसवून. त्याच फोटोवर त्यांची पुढच्या टूरची जाहिरातही फिरते आहे. मी माझा फोटो कपाटाच्या मागे टाकला. दादाने त्याचा बैठकीत, दाराच्या बरोबर समोर लावला.

रविवारी त्याच्याकडे माजरीचे जुने सोबती आले होते. मी आत चहा करत होते. बाहेरून आवाज आला, "भाऊ, याच्यात तुमी कुठी? बाई तं दिसून राह्यल्या, मस्त हसून राह्यल्या."

दादा म्हणाला, "मी कसा दिसन? फोटो मीच काढला ना बापा."

मी ट्रे घेऊन बाहेर आले. दादाने माझ्याकडे पाहिलं आणि हलकेच मान हलवली, काही बोलू नको म्हणून. मी कप ठेवले आणि पुन्हा एकदा गप्प बसले. तिथे बोलले नाही म्हणून इथे लिहिते आहे. दादा, फोटो तू काढला नव्हतास. तू बसमध्ये बसला होतास, आणि मी उतरून गेले होते.